चौदावी फेरी

रात्रीचे पावणेदोन. खराडी, सातवा मजला.
एसी हाडांत शिरतो म्हणून स्वेटर घालून बसलेय
आणि ओहायोतल्या कुणाच्या तरी गुडघ्याचा क्लेम
बाजूच्या खिडकीत ढकलून
मार्लन टीगचे पाय बघतेय.

वाइड रिसीव्हर. सहाव्या फेरीत उचललेला,
म्हणजे जवळजवळ सांडलेला.
चाळीस यार्डांना चार पूर्णांक त्रेसष्ट सेकंद.
तांबोळी म्हणतो, "एवढ्यात माझा काका पीएमटी पकडायचा,
हातात डबा धरून."
हिरेमठ आमच्या लीगचा कमिशनर.
एका गिऱ्हाइकाला खूश ठेवायला
त्यानं दहा जणांना या खेळाच्या नादी लावलं.
तो नुसती भुवई उडवतो.
त्याच्या तक्त्यात टीग दोनशे अकरावा.

मी तक्ता मिटते. फिल्म लावते. आवाज बंद.

पहिली तीन पावलं तो काहीच सांगत नाही.
खांदे सरळ, नजर सरळ.
मग डावा पाय असा रोवतो, की वाटावं, निघाला आत,
आणि समोरचा पोरगा खरोखरच आत निघून गेलेला असतो
रिकाम्या हवेला कवटाळायला.
टीग बाहेर. एकटा.
चेंडू यायचाय अजून.

याला ते रूट म्हणतात.
आम्ही हुलकावणी म्हणायचो.

आठ वर्षं खेळले मी खो-खो, भवानी पेठेतल्या मंडळाकडून.
दोन खांबांमधली लाल माती अजून
एका नखाखाली असेल माझ्या.
निवड चाचणीला बाई स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहिल्या,
तीस मीटर पळवलं सगळ्यांना, सरळ रेषेत.
सरळ रेषेत!
खो-खोत सरळ कोण पळतं, बाई?
फळ्यावर बारा नावं लागली.
मी तेरावी होते की एकोणिसावी,
ते कुणी लिहून ठेवत नाही.

आता दोष. तेही मांडायला हवेत,
नाहीतर हे प्रेमप्रकरण व्हायचं.
गेल्या मोसमात नऊ चेंडू हातातून निसटले,
त्या दिवशी पाऊसही नव्हता.
अंगावर येणाऱ्याला अडवायचं म्हटलं की
याला बुटाची नाडी आठवते.
उजव्या गुडघ्यावर जुनी शस्त्रक्रिया:
असे अहवाल मी रोज चाळीस वाचते,
'पूर्ण बरा' लिहिताना डॉक्टरचं पेन कुठे अडखळतं
ते मला कळतं.
पुढे दोन मोठ्या पगाराचे रिसीव्हर,
त्यातला एक तेहेतीस वर्षांचा, पोटरीला पट्टी.
म्हणजे ऑक्टोबरपर्यंत बाकावर. मग कदाचित.

अशाला स्लीपर म्हणतात.
आईला फोनवर सांगितलं, स्लीपर शोधतेय चांगला.
ती म्हणाली, तुळशीबागेत बघ,
दोनशेला जोडी मिळते.

शनिवारी कँटीनमध्ये निवड.
उपमा गार, हिरेमठच्या मोबाइलवर नव्वद सेकंदांचं घड्याळ.
तेराव्या फेरीत माझी पाळी आली
आणि कसं कोण जाणे, ते घड्याळ बघताना
माझ्या तोंडून दुसरंच नाव गेलं:
चार पूर्णांक अडतीसवाला, सरळ रेषेतला एक घोडा.
टीग कुठे जातोय, म्हटलं. पुढच्या फेरीत आहेच.

तांबोळी चहा ढवळत होता.
माझ्याकडे न बघता म्हणाला,
"मार्लन टीग."

नंतर लिफ्टपाशी: "तीन रात्री तुझी स्क्रीन उघडी होती.
मीपण बघितलं मग. आवाज बंद करून.
तो डावा पाय…"
आणि त्यानं लिफ्टच्या दारातच करून दाखवला, चुकीचा.

मी काही बोलले नाही.
सकाळी सहाला नगर रस्त्यावर
दुधाच्या क्रेटआडून एक कुत्रं अंगावर आलं.
मी डावा पाय रोवला, खांदा आत टाकला, बाहेर निघाले.

कुत्रं फसलं नाही.
गुडघा मात्र दुपारपर्यंत ठणकत होता.