वल्ह्याची मूठ

बुरोंडीच्या शाळेत, तिसरीच्या वर्गात
आमचं कान तपासायचं शिबिर.
खिडक्यांना चादरी बांधल्या तरी समुद्र आत येतच होता,
म्हणून फॉर्मच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं:
खोलीतला आवाज, अडतीस डेसिबल.

अकरावा नंबर धाकू चोगले, वय एकाहत्तर.
"आवाज आला की बोट वर करा."
हजार हर्ट्झ, दोन हजार, चार.
बोट मांडीवर पडून, वाळत घातलेल्या बोंबलासारखं.
वर केलं तेव्हा मशीन बंद होतं.
"गाडी आली," म्हणाला.
थोड्या वेळानं दापोलीची एसटी वळणावर दिसली.
पाय अनवाणी होते त्याचे, फरशीवर सपाट टेकलेले.

मी लिहिलं: उजवा तीव्र, डावा अतितीव्र.
यंत्र मिळेल, मोफत, पावसाळ्यानंतर.
त्यानं आलेख हातभर लांब धरला,
खाली उतरत गेलेल्या रेघेवर नख ठेवलं:
"ही झाली सुकती. भरती कुठं हाय?"

संध्याकाळी मला होडीत घातलं.
नातवाला म्हणाला, इंजिन मार.
चार वाव पाण्यात वल्हं उभं सोडलं,
मूठ दातांत धरली, डोळे मिटले.
मी सवयीनं सेकंद मोजत राहिले.
एकेचाळीस.
"ढोमी. दोन माणूस खोल. लांब हायत, येतील.
आन् ते वर तळल्यावानी चुरचुरतंय ना,
ती बारकी कोलंबी. तिच्याकडं ध्यान द्यायचं नाय."

मग वल्हं माझ्या हातात.
मुठीवर त्याच्या दातांचे खड्डे,
त्यांच्या खाली बापाचे, झिजून गुळगुळीत झालेले.
मी जरा बाजूला, कोऱ्या लाकडावर दात टेकले.
मीठ. डिझेल. जुन्या तेलाचा कडवटपणा.
परीक्षेला पाठ केलेलं सगळं आठवलं:
जबड्यातून कवटीत, कवटीतून शंखाच्या नळीत,
तिथं पंधराएक हजार पेशी, लव असलेल्या,
आणि त्यांच्याही पलीकडे
हाडाच्या खोलीत काळोखात बसलेला तो,
ज्यानं समुद्र कधी पाहिलेला नाही,
ओला झालेला नाही,
नुसत्या टकटकीवरून सांगतो: समुद्र.
आणि आपण विश्वास ठेवतो.

आधी काहीच नाही.
मग माझंच रक्त.
मग खूप खाली, पलीकडच्या वाडीत
गिरणीचा पट्टा चढवावा, तसं काहीतरी घुमलं.
मासा होता, की मला मासा हवा होता?

मी बोट वर केलं.
धाकू बघत होता, माझ्याकडे नाही, माझ्या जबड्याकडे.
"ती नांगराची दोरी," म्हणाला. "बाबलच्या होडीची."
नातू हसला. मीही हसले, दात लाकडावरच ठेवून.
पुन्हा ऐकलं. दोरीच होती.
आता दोरीशिवाय दुसरं काही ऐकूच येईना.

यंत्र नारळी पौर्णिमेनंतर पोचलं.
आठवड्याभरानं फोन आला, त्याच्या बायकोचा, यमुनाबाईंचा.
घालतात का?
"घातला दोन दिस. मंग काढला.
म्हणतो, ह्याच्यात सगलीच एकदम बोलतात,
कावला, टीव्ही, मी, भांडी,
त्यातला मासा कोनता, कसा वलखायचा?"

डबी तांदळात ठेवलीय म्हणाल्या,
ओल लागू नये म्हणून.