सातवं वळण

इथेल, काल संध्याकाळी सातव्या वळणात
तू ब्रेक दाबलास.
नाही म्हणू नकोस.
मातीत उमटलंय सगळं:
आधी चार बारीक वळ्या,
मग मागच्या चाकाचा फरपटलेला ओरखडा,
आणि वर काठावर
तुझ्या डाव्या हँडलने उकरलेला वीतभर खड्डा.

मी सकाळी सातला फावडं घेऊन येते
तेव्हा डोंगर अजून ढगात असतो.
आदल्या दिवशी कोण कुठे घाबरलं
ते मला आयतं वाचायला मिळतं.
तुमची भीती मी रोज बुजवते,
वर पाण्याचा हबका मारते,
चोपते.

ब्लायनाउच्या या उतारावर माती अशी नाहीच.
आहे ती पाटीच्या दगडाची कचर.
माझ्या आजोबांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी
खाणीतून दगड काढला,
चांगला होता तो लोकांच्या छपरांवर गेला,
उरलेल्याचे हे जांभळे ढिगारे.
तीच कचर चिकणमातीत मळून
वळणाची बाहेरची बाजू मी उचलली
तुझ्या छातीइतकी.

ती भिंत अडवायला नाही रे.
टेकायला आहे.
बिचकत गेलास तर खाली घसरवते,
वेगात गेलास तर
पोटाशी धरते.
उलटं वाटतं ना? आहेच उलटं.
मलाही पटायला एक अख्खा हिवाळा लागला.

ब्रेक लावायचा तो आधी,
त्या वाकड्या रोवनच्या झाडापाशी, सरळ वाटेवर,
एकदाच आणि पुरेसा.
मग बोटं सैल.
सव्वीस वर्षं मी बस चालवली या डोंगरातून,
गावात अजून मला बसवाली एलुनेडच म्हणतात.
त्या रस्त्याची बाहेरची बाजू कुणी उचललेली नव्हती,
आणि मागच्या सीटवर मिसेस प्रोबर्ट
मांडीवर तीस अंड्यांचा ट्रे घेऊन.
वळणाआधी ब्रेक, वळणात नाही,
हे मी त्या अंड्यांकडून शिकले.
(दोनदा फुटली. दोन्ही वेळा पैसे भरले.)

पुढच्या चाकाकडे बघू नकोस.
ते कुठे जाणार आहे?
वळण संपतं तिथे मी पांढरी गारगोटी ठेवली आहे,
तिच्याकडे बघ.
मान वळली की खांदे वळतात,
खांद्यांमागून कंबर,
सायकलला बिचारीला
सगळ्यात शेवटी कळतं.
तिला कलू दे, भिंत कलली आहे तेवढी.
तू मात्र तिच्यावर पसरू नकोस,
कोपरं बाहेर, छाती जरा पुढे.
आणि वळणाच्या पोटात आलास की
पाय जड कर,
गुडघ्यांनी दाब ती भिंत,
माझी चिंता करू नकोस, ती टिकेल.
जितकं देशील तितकं
बाहेर पडताना परत करते,
काही न करता वेग मिळाल्यासारखं वाटतं.
तुमच्या त्या कॅरिसला विचार.
ती त्या जागी हसते, दर वेळी,
मला खाली झऱ्यापर्यंत ऐकू येतं.

आता एक सांगते, कुणाला बोलू नकोस.
आज सकाळी वर कुणी नव्हतं.
नवा खुबा बसवून चौदा महिने झाले,
डॉक्टर म्हणाले होते, पोहा.
मी तुझ्या काकाची जुनी सायकल काढली,
सीट खाली केली,
पहिली सहा वळणं
मीच बांधलेली, मीच मोजलेली,
हातच्या रेषांसारखी गेली.
सातव्याला भिंत एकदम
घराएवढी वाटली.
गारगोटी दिसली,
डोळे तिथे टिकले नाहीत.

तुझ्या वळ्या मी बुजवल्या.
माझ्या ठेवल्यात.
तीन आहेत, तुझ्यापेक्षा एक कमी,
ओरखडाही लहान आहे.
शनिवारपासून पाऊस आहे म्हणतात,
त्याआधी ये आणि बघून जा.