आवक क्रमांक

निवेदन लिहायचं ठरलं
आणि पहिला तास फॉन्टवरच गेला.
डिझाइनची पोरं आम्ही.
अक्षदा बोरस्ते म्हणाली, आधी समास नीट ठेवू,
समास बघून तरी साहेब वाचायला बसतील.

मग मागण्या.
वर्कशॉपचं कुलूप.
जाळीतून दिसतं आतलं लेझर कटर,
अजून आलं तेव्हाच्या प्लास्टिकमध्ये,
त्यावर धूळ, धुळीवर कुणीतरी बोटाने काढलेलं घुबड.
उद्घाटनाचा पाहुणा ठरायचाय म्हणे.
दोन वर्षं.
आम्ही तिथे शिकतोय
यंत्राला न शिवता यंत्राचं रेखाचित्र काढायला.

खुर्च्यांचा इतिहास मात्र पाठ आहे आम्हाला,
डेन्मार्कच्या खुर्च्या, पाठीच्या कोनासकट.
तांबट लेनमध्ये कुणी नेलं नाही कधी,
गंगापूर रोडवरून सिटी बसने अर्धा तास.
मी गेले होते एका शनिवारी, आपली आपण.
एक आजोबा घागरीच्या पोटावर ठोके देत बसले होते.
माप कुठे लिहिलंय, मी विचारलं.
त्यांनी हातोडी उचलून
क्षणभर स्वतःच्या कानाला टेकवली
आणि पुन्हा ठोकू लागले.
कॉलेजात सांगितलं तर सर म्हणाले, वा,
पण ह्याचे मार्क मी कुठल्या रकान्यात भरू?

सर वाईट नाहीत.
तासिका तत्त्वावर आहेत, तीन कॉलेजं करतात,
डबा बहुतेक गाडीवरच उघडतात.
त्यांच्या पगाराचा मुद्दा आम्ही पाचवा घातला होता,
त्यांनीच तो खोडायला लावला.
पेन माझं होतं. खोडताना जरा जास्तच दाबलं.

सही करायला तौसीफ स्टुलावर बसला
आणि कलंडला.
ह्या स्टुलाचा एक पाय आखूड.
आम्ही आलो तेव्हापासून त्याखाली एक कागदाची घडी असते,
सगळ्यांना ठाऊक, कुणी बघत नाही.
त्या दिवशी ती निसटली, फरशीवर आली,
आणि घडी म्हटलं की उलगडायची खोड आम्हाला.

माननीय विभागप्रमुख यांस,
सविनय निवेदन की,
वर्कशॉप सुट्टीतही उघडं असावं.
की, बाहेरच्या कारागिरांना शिकवायला बोलवावं.
की, नापास का झालो ते लेखी कळावं.
खाली अकरा सह्या.
तारीख आठ वर्षांपूर्वीची.
समास उत्तम.
आवक क्रमांकाची जागा कोरी,
सबंध कागदावर शिक्का एकच,
गोल, काळपट, चांगला खोल उमटलेला,
स्टुलाच्या पायाचा.

कुणी हसलं नाही असं नाही. हर्षल हसला.
मग म्हणाला, ह्यातल्या एक, सोनल पिंगळे, माझ्या मावशीची जाऊ,
सिन्नरला मेडिकल चालवते.
पुढे कुणी काही बोललं नाही थोडा वेळ.
कॉरिडॉरमध्ये कूलर गुरगुरत होता.

तौसीफचे वडील सातपूरला पॅटर्नमेकर,
लाकडातला अर्धा मिलिमीटर त्या घरात अंगठ्याला कळतो.
दुसऱ्या दिवशी तो घरून कानस, पट्टी,
सागाचा एक तुकडा घेऊन आला.
वर्कशॉप बंद, म्हणून जिन्यात बसलो.
शिपाई जाधवभाऊ म्हणाले, परवानगी?
आम्ही म्हणालो, पायाची आहे, भाऊ.
ते जिना अडवून उभे राहिले, वरून कुणी येतंय का बघत.

संध्याकाळी स्टूल हललं नाही.
अक्षदा बसली, मी बसले,
जाधवभाऊसुद्धा टेकले एकदा, घाईघाईने.
हा प्रोजेक्ट कुठल्या सेमिस्टरचा, ते कुठेच लिहिलेलं नाही.

निवेदन आज दिलं.
जुनं सोबत जोडलं, परिशिष्ट अ.
बाईंनी आमच्या कागदावर आवक क्रमांक घातला, दोनशे सतरा,
जुना पालथा करून पाहिला,
हा डाग कसला म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
पोच मिळेल का, एवढंच विचारलं.