दोनदा दाबा

शेवटची ट्राम डेपोत आत आली की मी बाहेर पडते.
ऑस्ट्रावात तेव्हा साडेबारा वाजलेले असतात,
नखांत ग्रीस असतं, डोळ्यांत झोप नसते.
कोट खुंटीला, सूप शेगडीवर,
आणि खेळ सुरू करते.
म्हणजे, करून बघते.

तीनशे बारा मॉड आहेत त्यात.
मूळ खेळ कुठे संपतो नि आम्ही कुठे लागतो
हे ज्यांनी तो बनवला त्यांनाही आता सांगता येणार नाही.
झाडं एका कोरियन पोराची.
चंद्र कुणा मेणबत्ती८८ चा, सहा वर्षं झाली, त्याचा पत्ता नाही.
घोड्यांची चाल लिमातल्या जनावरांच्या डॉक्टरबाईंची,
म्हणून तर ते खरे लंगडतात.
एकाने फक्त पावाची कड भाजलेली दिसावी
यासाठी तीन महिने घातले.
सगळ्यांनी सगळ्यांवर आपापलं पांघरूण टाकलंय,
आणि कोण कुणाच्या आधी उठतं त्यावर घर चालतं.

अकरा रात्री झाल्या, खेळ पडतोय.
कुरकुर नाही, इशारा नाही.
पाऊस थांबतो, मी नदीकडे वळते, पडदा काळा,
आणि मागे भाच्याचा फोटो, दात पडलेला, हसणारा.
लॉगची शेवटची ओळ अर्धीच,
बोलता बोलता कुणी फोन ठेवावा तशी.

खालच्या मजल्यावरचा व्हित रविवारी आला.
"सगळं पुसा. नव्याने टाका. एका संध्याकाळचं काम."
मी म्हटलं, दरवाजा अडकला म्हणून
ट्राम भंगारात काढतात का रे?
ट्राम वेगळी, म्हणाला.
पोरगा हुशार आहे. सूप संपवून गेला.

मग जुनीच रीत. अर्धे बंद, अर्धे चालू.
एकशे छप्पन्न. पडला.
अठ्ठ्याहत्तर. पडला.
एकोणचाळीस. पडला नाही, पण कुणालाच डोकी नव्हती;
बाजारभर नुसते गळपट्टे हिंडत होते,
एकमेकांना नमस्कार करत.
मी एकटीच हसले, मोठ्यांदा. वरून कुणी काठी आपटली.

गुरुवारी पहाटे एकच उरला.
"लहान पूल, लाकडी." करणारी: द्राहोमिरा के.

एकवीस वर्षांपूर्वीची मी.
काय त्या फळ्या! खिळे हवेत,
कठडा एकाच बाजूला, कारण दुसरा करायच्या आत
डेपोत नोकरी लागली.
ओल्या लाकडाच्या जागी लिहून ठेवलंय: नंतर बघू.
पाऊस थांबला की खेळ तिथे जाऊन ओलं लाकूड मागतो.
आधीचा पाऊस कुणाला भिजवत नव्हता, म्हणून निभावलं.
हा नवा पाऊस भिजवतो. मीच घातला, मागच्या महिन्यात.

काढून टाकावा तर
त्यावरून गेलेली माणसं मधेच राहतात,
गुडघाभर पाण्यात, तोंड पलीकडच्या काठाकडे.
सतराशे तासांचा डाव आहे हा.
दुरुस्त करावा तर ज्या अवजाराने केला
ते आता कुठल्याच संगणकावर उठत नाही.

आमच्याकडे एक जुनी ट्राम आहे.
थंडीत तिचा मधला दरवाजा दुसऱ्या खेपेला लागतो,
पहिल्या खेपेला कधीच नाही.
तिघांनी उघडून पाहिला, मीही. काही सापडलं नाही.
चालकासमोर चिठ्ठी चिकटवली आहे, अक्षर माझं:
दोनदा दाबा.

वहीत लिहिलं: पाऊस थांबल्यावर पुलाकडे जाऊ नये.
ऊन पडेपर्यंत थांबावं.

मग सुरू केला. पाऊस होताच.
घोडा झाडाखाली उभा केला.
पाऊस थांबला तरी
कोरियन पोराची पानं गळत राहिली,
एक पाय उचलून घोडा उभा,
मी माउसवरून हात काढून घेतलेला.

तेवढ्यात सूप ऊन झालं.