चढावर उघडणारी

पालीच्या घाटात, दुसऱ्या वळणावर,
बोलेरोनं मान टाकली.
बंद नाही पडली. पडली असती तर
निदान दोष कबूल झाला असता.
पाय तळाला टेकलेला, काटा दोन हजारांवर रुतलेला,
मागं काळा धूर,
आणि उसाचा ट्रॅक्टर मला ओलांडून गेला.
ड्रायव्हर वळून हसलासुद्धा.

मांजरसुंब्याच्या अलीकडं मैनोद्दीन मिस्त्रीचं पत्र्याचं शेड.
त्यानं आधी बॉनेट उघडलंच नाही.
कधीपासून? रिकामी असताना, का भरल्यावर?
सकाळी गार असताना ओढती का?
मला हसू आलं.
खातीय का, रवंथ करतीय का, शेण कसं पडतंय,
चौदा वर्षं मी हेच विचारते
मुक्यांच्या मालकांना.

एअर फिल्टर झटकला. अर्धी ओंजळ काळी माती.
"हे बी हाय. पण हे न्हाई."
व्हॅक्यूमची बारकी नळी दातांत धरून हवा ओढली,
टर्बोची दांडी वर आली,
जिभेनं भोक झाकलं, दांडी तिथंच राहिली.
मग पंखा दोन बोटांत धरून हलवला,
मी वासराचा दात बघते तसा.
"लोक पंखाच बदलतात म्याडम. पस्तीस हजार.
अन् दुखणं ऱ्हातं भलतीकडंच."

गुणाजीनं रेस दिली.
मिस्त्रीचा डावा कान घणानं कधीच नेलेला,
उजव्यात नुसता गोंगाट.
मी बॅगेतला स्टेथोस्कोप काढून दिला.
पाइपावरून तो इंच इंच सरकत गेला,
डोळे मिटून,
आणि मान हलवली : काही नाही.

मग इंजिन बंद.
डब्यात निखारे, निखाऱ्यांवर लोबान,
डबा हवेच्या वाटेला जोडला, दुसरं तोंड चिंधीनं बुजवलं,
गुणाजी सायकलचा पंप मारत राहिला.
शेडभर शुक्रवारचा वास.
मिस्त्रीनं इंटरकूलरचा रबरी पाइप
दोन्ही हातांनी पिळला,
आणि क्लॅम्पच्या खालून, जिथं कुणाची नजर जात नाही,
धुराचा एक दोरा निघाला.
नखाएवढी चीर.
तिच्याभोवती तेलकट धुळीची मिशी,
म्हणजे महिन्यांपासून ती सांगत होती.
उभ्यावर मिटलेली,
चढावर उघडणारी.

बीडहून पाइप यायला दीड तास.
लिंबागणेशला म्हैस अडलेली, फोन वाजतोय;
गुणाजीच्या मोटारसायकलवर जाते म्हणाले.
मिस्त्री हात पुसत उभा, बोलू की नको असा.
"म्याडम, जाता जाता…
आमची शेळी. कालधरनं गप उभी हाय.
चारा हुंगती, खाईना."

शेडमागं बाभळीला बांधलेली.
मी तिच्या डाव्या कुशीवर स्टेथोस्कोप टेकवला,
त्याला डिझेलचा वास येत होता.
"कधीपासून?" मी विचारलं.
"रेस नका देऊ," मिस्त्री गुणाजीवर ओरडला,
"ऐकू द्या त्यांना."