याऐवजी

सांगलीच्या बार रूममध्ये वकिलांच्या आधी यायचा
भूपाल मगदूम. हुद्दा शिपाई.
काम: माठ भरणे, पंखे पुसणे
आणि राज्यघटनेत चिठ्ठ्या चिकटवणे.

दिल्लीत काही बदललं की
कधी महिन्याने, कधी वर्षाने
खाकी पाकिटातून शुद्धिपत्रं यायची.
तो कात्रीने ओळीबरहुकूम कापायचा
आणि लग्नाच्या याद्या वाचाव्यात तसा वाचायचा:
हा शब्द वगळावा. हा मजकूर घालावा.
याऐवजी हे वाचावे.

मी नवी होते. सनदेची शाई ओली.
पहिला धडा मला त्याच्याकडून मिळाला, डिंकाचा:
"पातळ लावायचा, बाई.
आणि शिवणीपासनं दोन बोटं लांब.
शिवणीत डिंक गेला की पुस्तक उघडत नाही."

त्याला अनुच्छेद पाठ नव्हते, पण पत्ते ठाऊक होते.
एकतीस पाडला, तरी बत्तीस बत्तीसच राहिला.
नव्याला जागा नसेल तर शेजारच्या भिंतीला
पडवी काढायची: एकवीस-क.
नववा भाग छत्तीस वर्षं मोकळा पडून होता,
मग तिथे पंचायती राहायला आल्या
आणि त्याची थोरली वहिनी पद्मावती
समडोळीत खुर्चीवर बसली,
आधी पदर सावरत, मग न सावरता.
सातवा अजून मोकळाच.
भाडेकरू नाही, नुसता नंबर.

"सगळंच बदलता येतं का, बाई?"
मी सांगितलं, तेरा न्यायाधीश बसले होते,
सात एका बाजूला, सहा दुसऱ्या.
ठरलं की कलमं बदला, चौकट मोडू नका.
"चौकट कुठल्या पानावर हाय?"
कुठल्याच नाही, मी म्हणाले.
त्याने पुस्तक उभं धरलं
आणि पाठीच्या फटीतून वरून आत पाहिलं.
दोरा दिसत होता. थोडा मळलेला.

शेरीनाल्याच्या दाव्यात
सरकारी वकील बिरनाळे म्हणाले, जीवित म्हणजे जगणे.
माणसं जगताहेत, साहेब, समोर उभी आहेत.
नायकवडी उठले. म्हणाले,
जगताहेत, पण नाकाला रुमाल लावून.
शब्द तोच. चार अक्षरांचा.
दुपारभर दोघे त्याला आपापल्या बाजूला ओढत राहिले,
आणि संध्याकाळी तो सकाळपेक्षा
थोडा मोठा वाटला मला.
निकाल? तारीख पडली.

मग पाच सालचा पूर.
आयर्विन पुलाच्या पट्टीवरचे आकडे बुडत गेले,
कृष्णा बार रूममध्ये शिरली, परवानगी न घेता,
खालच्या दोन फळ्या घेऊन बसली.
पाणी उतरल्यावर घटना सापडली
कपाटाखाली, भाकरीसारखी फुगलेली.

भूपालने ती उन्हात उघडली, पान पान.
डिंक सुटला होता.
चिठ्ठ्या फरशीवर, चिखलात, खिडकीच्या गजाला,
आणि पानांवर त्यांच्याखालचं जुनं सगळं
जसंच्या तसं:
मतदाराचं वय, एकवीस वर्षे.
माझं पहिलं मत एकोणनव्वद सालचं,
अठराव्या वर्षी दिलेलं.
ते त्या बोटभर कागदाच्या जोरावर होतं
हे मला तेव्हा कळलं, चिखलात उकिडवं बसून.

सात दिवस आम्ही चिठ्ठ्या लावत होतो.
बिरनाळे आले, नायकवडी आले,
एकाच डब्यातला डिंक,
आणि भांडण फक्त कुठली कुठे यावर.

नवं पुस्तक घ्या, अध्यक्ष म्हणाले. घेतलं.
त्यात चिठ्ठ्या नाहीत,
बदल आधीच ओळीत मिसळून छापलेले,
कुठे काय होतं ते खाली बारीक टीपेत.
सोयीचं आहे. मीही तेच वापरते.

एक चिठ्ठी मात्र उरली.
आकडा धुऊन गेलेला, मजकूर धुऊन गेलेला,
मधला एकच शब्द शाबूत: याऐवजी.
भूपालने ती निवृत्तीच्या दिवशी
माझ्या डायरीत ठेवली.
"जागा सापडली तर लावा," म्हणाला,
"शिवण सोडून."