निदरी

दिवाडीच्या मानशीवर, ओहोटीला,
कायतानानं जाळं झटकलं
आणि कोळंबीत ती निघाली:
बोटभर, मातकट, कल्ल्यामागे एकच निळा ठिपका.

मी परांचे काटे मोजले. परत मोजले.
बाटलीतल्या जुन्या नमुन्याइतकेच. सात आणि अकरा.
त्याचा रंग स्पिरिटनं केव्हाच खाल्लेला;
ठिपका होता, हे कुठल्याच नोंदीत नाही.

शेपटीचा कण कापून घेतला.
तिची भावंडं कोण, किती खारट सोसते,
हे आता विचारता येईल.
बाटलीला विचारून झालं होतं.

"नामशेष होती ही," मी म्हटलं.
कायतान बांधाच्या भगदाडात चिखल थापत होता.
"निदरी? आवय हुमणात घालायची.
तुम्ही विचारलंत कुणाला?"

यादीतला शब्द खोडायला पेन काढलं,
तर त्यानं हातात घमेलं दिलं.
पाणी वळलं होतं.